अंड्यातला की रानातला?

माढ्यात पोकेमॉन गो खेळायचं तर पायांत बळ हवं. शहरात चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या चार पोकेस्टॉप, म्हणजे गेमच्या नकाशावरची बक्षिसांची ठिकाणं, फिरवून होतात. आमच्याकडे माढेश्वरीच्या देवळापासून किल्ल्यापर्यंत चालावं, एसटी स्टँडला वळसा घालावा, तेव्हा कुठे मोबाइल दोन-चारदा थरथरतो. गावाबाहेर उसाच्या आणि ज्वारीच्या रानात तर गेमचा नकाशा मोकळाच दिसतो. डिसेंबर २०१६ मध्ये हा गेम अधिकृतपणे भारतात आला, पण त्याची खरी चंगळ गर्दीच्या शहरांतच. त्यामुळे गेममधले प्राणी वाढवायला लागणारी स्टारडस्ट आणि कँडी आम्हाला पै-पै करून जमवावी लागते. दहा प्राणी वाढवून पाहू, असं म्हणणं परवडत नाही. एकावरच जीव लावायचा, तर तो कोणता? अंड्यातून निघालेला की रानात पकडलेला?

यात हिशेब असा. प्रत्येक प्राण्याला हल्ला, बचाव आणि दम असे तीन उपजत गुण असतात, प्रत्येकी ० ते १५. खेळणारे त्यांना आयव्ही म्हणतात. रानातल्याचे गुण शून्यापासून पंधरापर्यंत कुठेही असू शकतात. अंड्यातल्याचे तिन्ही गुण किमान १०. म्हणून आमच्या पोरांमध्ये समज पक्का: अंड्यातला तो खानदानी, रानातला गेममधल्या प्रोफेसरकडे पाठवायचा आणि त्याच्या बदल्यात कँडी घ्यायची.

माझ्याकडे दोन मडकिप होते. मडकिप म्हणजे निळा, डोक्यावर पंख्यासारखा पर असलेला पाण्यातला जीव. वाढत वाढत तो स्वॅम्पर्ट होतो. पहिला अंड्यातून निघाला होता आणि त्याच्या गुणांच्या तिन्ही पट्ट्या जवळपास भरलेल्या होत्या. दुसरा भर उन्हात उसाच्या बांधाजवळ सापडला. लेव्हल लहान, हल्ल्याची पट्टी जवळजवळ रिकामी, बचाव आणि दम मात्र काठोकाठ. दोघांची कँडी एकच, आणि स्वॅम्पर्टपर्यंत नेण्याइतकी कँडी एकालाच पुरणार होती.

आमच्या घरात खिलार जनावरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सांगोल्याच्या बाजारात नानांना खोंड निवडताना मी लहानपणापासून पाहिलंय. गेमचं नाव न काढता मी त्यांना विचारलं, "नाना, घरच्या गाईचा खोंड आणि बाजारचा, यात कुठला धरायचा?" नाना म्हणाले, "काम काय लावणार हाईस त्येला, ते आधी सांग. नांगराचा बैल येगळा, शर्यतीचा येगळा. आई बघावी, पर काम ठरल्याबिगर दावणीला बांधू नये."

मी काम ठरवायला बसलो. मला खेळायची होती ग्रेट लीग, म्हणजे खेळाडूंमधल्या लढतींचा एक गट. तिथे १५०० सीपीच्या वरचा प्राणी चालत नाही. सीपी म्हणजे ताकदीचा एकत्रित आकडा, आणि त्याच्या सूत्रात हल्ल्याचं वजन सगळ्यांत जास्त. हल्ला कमी असेल तर सीपी हळू चढतो आणि तेवढ्याच मर्यादेत प्राण्याची लेव्हल जास्त वाढवता येते. मग तो मार जास्त सोसतो, मैदानात जास्त टिकतो. हल्ल्याचा गुण शून्याच्या आसपास रानात मिळू शकतो, अंड्यात कधीच नाही.

त्याहून मोठी अडचण लेव्हलची होती. खेळाडू विसाव्या लेव्हलच्या पुढे गेला की त्याच्या अंड्यातला प्राणी थेट विसाव्या लेव्हलचा निघतो. असा मडकिप स्वॅम्पर्ट झाला की त्याचा सीपी १६२२ ते १६९९ च्या दरम्यान भरतो. वाढलेली लेव्हल उतरवायची सोय गेममध्ये नाही. म्हणजे ज्याला सगळे खानदानी म्हणत होते, त्याला स्वॅम्पर्ट म्हणून ग्रेट लीगच्या दारातही उभं करणार नव्हते.

आमचं कोरडं हवामानही इथे कामी आलं. गेममध्ये बाहेर पाऊस असला की पाण्यातले प्राणी जोरात असतात. त्यांची लेव्हल पाचने वाढते आणि तिन्ही गुण किमान ४ असतात. कडक उन्हात ही बढती आग, गवत आणि जमीन प्रकारच्या प्राण्यांना मिळते. मडकिप उन्हात सापडला म्हणूनच त्याचा हल्ला इतका खाली राहू शकला. माढ्याचं जे ऊन आम्ही वर्षभर सोसतो, त्यानेच हा प्राणी माझ्या कामाचा केला.

मी रानातला निवडला. पण अंड्यातल्याला टाकलं नाही, कारण त्याच्याशिवाय हे जमलंच नसतं. मडकिपचा मार्शटॉम्प करायला २५ कँडी लागतात आणि मार्शटॉम्पचा स्वॅम्पर्ट करायला १००. रानात एक मडकिप धरला की हाती साध्या हिशेबाने तीनच कँडी येतात. अंडं फुटलं की एकदम भरघोस मिळतात, वर स्टारडस्टही. अंडं उबवायला चाललेल्या पायपिटीतून रानातला मोठा झाला. अंड्यातला मडकिप मी मास्टर लीगसाठी आणि रेडसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य प्राण्याशी लढायच्या लढतींसाठी, राखून ठेवलाय. तिथे सीपीला मर्यादा नाही आणि हल्ला जितका जास्त तितका चांगला. तिथे तोच खरा.

आता आमच्या भागातली शाळकरी पोरं मला प्राणी दाखवायला आणतात. त्यांना मी गेम गुणांवरून देतो ते तारे मोजू देत नाही. कुठल्या लीगला उतरवायचाय, हे आधी विचारतो. मग पट्ट्या उघडायला लावतो, लेव्हल पाहायला लावतो. आमच्या वाट्याला प्राणी कमी येतात, म्हणूनच आलेल्या प्रत्येकाला नीट पाहिल्याशिवाय प्रोफेसरकडे धाडू नये, असं मला मनापासून वाटतं. लहान गावातला खेळाडू शहरातल्याशी संख्येत बरोबरी करू शकणार नाही. निवडीत मात्र नक्की करू शकतो.