डावी झडप

गुलाबी बोंडअळीच्या नराच्या जननावयवांच्या झडपा काचेवर सारख्या पसरवणं आता माझ्या हातून होत नाही. पोट क्षारात उकळणं, चरबी काढणं अजून जमतं. दोन सुयांनी दोन्ही झडपा उघडायच्या आणि झाकणकाच टेकेपर्यंत तशाच धरायच्या, तिथे हात थरथरतो. उजवी बसली की डावी मिटते. डावी धरावी तर वरचा आकडा, अंकस, तोच तिरपा होतो. सगळा ऐवज मोहरीच्या दाण्याहून लहान.

सिंदीच्या शिवारातल्या कामगंध सापळ्यांतून येणाऱ्या पतंगांचे खवले चिकटीला गेलेले असतात. त्यात दाण्यातला पतंग, सिटोट्रोगा, घुसतो. त्याच्या मादीच्या गंधातला घटक बोंडअळीच्या गंधातही आहे, आणि दोघे गेलेकिडी कुळातलेच. मिशीच्या बुडाशी ताठ केसांची रांग शाबूत असली तर बोंडअळी ओळखू येते. केस झडले, पंख फाटले, की पोट उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. तरी मोबाइलवरच्या फोटोवरून जात सांगून मोकळे होणारे वाढलेत. 2017 साली विदर्भातली बोंडं आतून पोखरली गेली, त्यानंतर तरी सापळ्यातली मोजणी अशी अंदाजाने होऊ नये.

हॅम्पसनचे पतंगांवरचे चार खंड (1892 ते 1896) मला पूज्य आहेत, पण या बारक्यांपर्यंत ते येतच नाहीत. सॉन्डर्सने 1844 मध्ये गुलाबी बोंडअळीच्या जातीला नाव दिलं, बस्कने 1917 मध्ये तिच्यासाठी पेक्टिनोफोरा ही प्रजाती उभी केली. पुढे ऑस्ट्रेलियातली तिची बहीण, स्क्युटिगेरा, वेगळी काढायलाही याच जननावयवांचा आधार लागला.

सुया आता माझी विद्यार्थिनी धरते. ती झडपा दाबतच नाही. ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून बाजूने, खालून, उलटून बघते. दाबल्यावर झडपेचा बाक जातो, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण स्लाइडशी स्लाइड ताडायची तर सपाट मांडणी हवीच, हे माझंही खरं. शिवाय, कबूल करतो, पेटीतल्या माझ्या स्लाइडांवर दोन्ही झडपा आरशात पाहिल्यागत दिसतात, याचा मला भारी गर्व आहे. पाहुण्यांना मी आधी त्याच दाखवतो.

आमचं इतकंच ठरलंय: दाबण्याआधी बाजूने चित्र काढायचं. ते मी काढतो. कागदावर तळहात टेकवता येतो.