बाबागाडीची रिक्वायरमेंट

फ्लॅट बघितला, आवडला आणि टोकन देऊन मोकळा झालो, त्याला लागला दीड तास. लग्नाला होकार द्यायला एक कॉफी. पण बाबागाडी घ्यायला मला तब्बल चार महिने लागले, आणि एवढं करूनही मी ती चुकीची घेतली!

तर झालं असं. बायकोला सातवा महिना लागला, आणि बाळाच्या तयारीतलं एक तरी काम आपण अंगावर घ्यावं असं माझ्या मनाने घेतलं. दुपटी, लंगोट, झबली, बाळंतविडा हे सगळं खातं आईने आणि सासूबाईंनी आधीच वाटून घेतलं होतं. तिथे माझ्या मताला काडीची किंमत नव्हती. उरली बाबागाडी. चाकं, सांधे, ब्रेक, फ्रेम... म्हणजे आपलंच खातं की!

मग काय, एक्सेल उघडलं. ११ गाड्या, २३ निकष, प्रत्येक निकषाला वेटेज, शेवटच्या कॉलममध्ये एकूण गुण. ऑफिसात व्हेंडर निवडताना करतो तस्संच. आईने एकदा मागून डोकावून बघितलं.

"अरे, तुम्हा दोघा भावंडांना मी काय गाडीत घालून वाढवलं? कडेवर घेतलं, नाहीतर आजीच्या लुगड्याची झोळी बांधली. चांगले धष्टपुष्ट झालात!"

"आई, आता काळ बदललाय."

"काळ बदललाय, कंबर तीच आहे," असं म्हणून आई स्वयंपाकघरात गेली. तिच्या या वाक्याला माझ्या शीटमध्ये रो नव्हती.

अभ्यास मात्र मी खरंच मन लावून केला. नव्याने आईबाप होणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. नवजात बाळाची मान धरलेली नसते. त्याला बसतं केलं तर हनुवटी छातीवर टेकते आणि इवलीशी श्वासनलिका दाबली जाऊ शकते. म्हणून पहिले सहा महिने गाडी अशी हवी की जिची पाठ जवळजवळ सपाट होते. ईएन १८८८ नावाचं युरोपियन मानक आहे, त्यात जन्मापासून वापरायच्या सीटसाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन किमान १५० अंश सांगितलाय. छत्रीसारख्या मिटणाऱ्या स्वस्त आणि मस्त गाड्या इथेच बाद होतात. त्या मूल स्वतःचं स्वतः बसायला लागल्यावर घ्याव्यात. गाडीत पाच पट्ट्यांचा बेल्ट हवा, म्हणजे दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून. हँडलला भाजीच्या पिशव्या लटकवायच्या नाहीत, गाडी मागच्या मागे उलटते. आणि आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून सगळेच करतात ती गोष्ट तर अजिबात करायची नाही, गाडीवर ओढणी किंवा दुपटं पांघरायचं नाही. आत हवा खेळत नाही आणि भट्टी होते. छत मोठं असलेली गाडी घ्यावी, आणि डासांसाठी जाळी.

हे सगळे निकष लावून जी पहिली आली ती घेतली. ट्रॅव्हल सिस्टिम म्हणतात ती. म्हणजे एकच सांगाडा, त्यावर सपाट पाळणा लावा, नाहीतर मोटारीतली कारसीट काढून चढवा. मोठी चाकं, सस्पेन्शन, कपहोल्डरसुद्धा. वजन साडेतेरा किलो. मोटारीच्या डिकीत बसते की नाही हे मी टेपने मोजून बघितलं होतं. किंमत सांगत नाही, आई वाचते हे.

फेब्रुवारीत कन्यारत्न आलं. सिझेरियन झालं. सव्वा महिना घरातच गेला. डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं बजावलं होतं. माझी सुट्टी दोन आठवड्यांत संपली. मग सासूबाई गेल्या, आईही आठवडाभर राहून गावी परतली. बायको आणि पिल्लू दिवसभर दोघीच. मी आठवड्यातून चार दिवस हिंजवडीला.

सातव्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी मी विचारायचो, "आज गेली होतीस का गं खाली, गाडी घेऊन?"

"नाही, ती झोपली होती."

"नाही, ऊन होतं."

"नाही रे, कंटाळा आला."

एका शनिवारी माझा तोल गेला. शहाणपणा करून म्हणालो, "एवढी गाडी आणली, ती काय हॉलमध्ये शो-पीस म्हणून?"

ती काही बोलली नाही. पिल्लाला टोपडं घातलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा. एकटा जा. मी येत नाही. वॉचमनकाकांना हाक मारायची नाही."

मी गेलो. लिफ्टपर्यंत सगळं झकास. लिफ्टमध्ये गाडी तिरकी घातल्यावर बसली. खाली उतरलो आणि समोर आल्या पाच पायऱ्या. लिफ्टची लॉबी आणि पार्किंग यांच्यामधल्या. दोन वर्षं राहतोय या बिल्डिंगमध्ये, पण या पायऱ्या मी कधी 'बघितल्याच' नव्हत्या. रॅम्प नाही. बाळ एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने गाडी मिटवायला गेलो तर मिटवायला दोन हात लागतात. बाळ ठेवू कुठे? शेवटी बाळासकट अख्खी गाडी पुढून उचलली आणि एकेक पायरी पोटाशी धरून उतरलो. माझ्या पोटाला टाके नव्हते, तरी घाम फुटला.

फाटकाबाहेर फूटपाथ. फूटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेले खांब, आणि त्यांच्यातून माझी ६३ सेंटीमीटरची गाडी जाईना. (दुचाक्या मात्र पलीकडे ओळीने उभ्या होत्याच, त्या कुठून आल्या देव जाणे.) खाली रस्त्यावरून वळसा घातला, पुढे परत चढायला गेलो तर पुढची चाकं कठड्याला धडकून थांबली. मग झाडाचा पार, मग विजेचा डीपी बॉक्स, मग वर आलेले पेव्हर ब्लॉक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कठडा १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माझा नमस्कार आणि आमच्या गल्लीत यायचं आमंत्रण. पंचवीस मिनिटांत मी जेमतेम दोनशे मीटर गेलो असेन. पोर गाढ झोपलेली.

वर आलो. बायको खिडकीतच उभी होती. मला वाटलं, आता 'बघितलंस ना?' येणार. पण ती वेगळंच बोलली.

"अकरा दिवस रोज तयार होते मी. दोनदा लॉबीपर्यंत जाऊन परत आले. मला वाटलं, सगळ्या बायका करतात, मलाच जमत नाहीये. बाळ, गाडी, काहीच..."

आणि ती रडायला लागली.

काय बोलणार? इतक्या दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं की नक्की कुठे अडतंय. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने युजरशी एका शब्दाने न बोलता सिस्टिम बांधली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. इथे युजर माझ्या शेजारी बसून चार महिने मटार सोलत होती, आणि माझ्या २३ निकषांत 'गाडी कोण ढकलणार' हा निकषच नव्हता. गाडीत बसणाऱ्याचा विचार मी १५० अंशांपर्यंत केला होता. ढकलणारीचा शून्य.

त्या रात्री पिल्लू झोपल्यावर नवीन शीट उघडली. या वेळी रिक्वायरमेंट तिने सांगितल्या, तीनच. एक, पाच पायऱ्या मला एकटीला उतरवता आल्या पाहिजेत. दोन, मिटवायला एक हात पुरला पाहिजे. तीन, चालताना मला तिचं तोंड दिसलं पाहिजे.

तिसरी मला हौसेची वाटली होती. पण स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांचा २००८ सालचा एक अभ्यास आहे. त्यात बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे असेल तर आईबाप बाळाशी दुपटीहून जास्त बोलतात असं दिसलं होतं. दिवसभर घरात बोलायला दुसरं माणूस नसलेल्या बाईने हे मागणं म्हणजे हौस नव्हे, एवढं तरी मला त्या रात्री कळलं.

आता गंमत बघा. हलकी गाडी म्हणजे छोटी चाकं. आणि छोटी चाकं म्हणजे फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स. पेव्हर ब्लॉक २ सेंटीमीटर वर आला असेल, तर ३० सेंटीमीटर व्यासाचं चाक त्यावर चढवायला, चाकावर जेवढं वजन असेल त्याच्या साधारण ५८ टक्के आडवा जोर लागतो. १५ सेंटीमीटरच्या चाकाला लागतो ९३ टक्के. आणि १५ सेंटीमीटरच्या कठड्यावर तर दोन्ही चाकं नुसती ढकलून चढतच नाहीत, कितीही जोर लावा. मोठ्याचा आस बरोबर कठड्याच्या उंचीवर येतो आणि छोट्याचा त्याच्याही खाली. हे गणित आम्ही ग्रॅफाइटच्या रोलरवर सोडवलं होतं की लोखंडाच्या, आठवत नाही, पण सतरा मार्कांचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. निष्कर्ष काय, तर कठडा आला की गाडी उलटी फिरवायची, आपण आधी वर चढायचं आणि मागची चाकं ओढून घ्यायची. एकदा ही युक्ती कळली की छोट्या चाकांचं निम्मं भांडण मिटतं.

तोंड आपल्याकडे हवं तर दोन मार्ग. एक, उलटी-सुलटी बसणारी सीट, पण त्याने गाडी जड होते. दुसरा, पलटणारं हँडल. हे हलकं असतं, पण हँडल पलटलं की गरगर फिरणारी पुढची चाकं आपल्या बाजूला येतात आणि गाडी नाठाळ बैलासारखी वळते. ब्रेकही पायापासून लांब जातो. आणि आम्हाला परवडणाऱ्या, पाठ सपाट होणाऱ्या, पलटत्या हँडलच्या ज्या गाड्या सापडल्या, त्या सगळ्या दोन हातांनी मिटणाऱ्या. अडलं घोडं!

सोडवलं कोणी? आईने. फोनवर सगळं ऐकून म्हणाली, "अरे, मग पायऱ्या उतरताना तिला झोळीत बांधा की छातीशी. दोन्ही हात मोकळे."

झाला की प्रश्न निकालात! बाळ कापडी झोळीत, चेहरा दिसेल असं आणि हनुवटी छातीपासून सुटी ठेवून. मिटलेली गाडी हातात. खाली उतरून दोन्ही हातांनी उघडायची आणि बाळ आत. दुसरी रिक्वायरमेंटच उडाली. साडेतेरा किलोंची गाडी तोटा सोसून विकली, साडेसात किलोंची आणली. दुकानात ती मिटवून उचलली बायकोने, दोनदा. मी लांब उभा होतो, गप्प.

नंतर एक गोष्ट वाचनात आली. आजची हलकी घडीची बाबागाडी ज्याने बनवली तो ओवेन मॅक्लारेन हा एरोनॉटिकल इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या डिझाइनमध्ये त्याचं काम होतं. मुलगी नातीला घेऊन विमानाने आली आणि जड बाबागाडीने किती हाल झाले ते तिने सांगितलं. निवृत्त म्हातारा ऐकून कामाला लागला आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोंची गाडी त्याने काढली. विमानांच्या चाकांवर काम केलेला माणूस, पण सुरुवात केली ती मुलीचं गाऱ्हाणं ऐकून घेण्यापासून. मी ऐकलं शेवटी.

गेल्या गुरुवारी घरून काम करत होतो. साडेपाचला कॉलवर असताना ती दारातून हातवारे करून 'जाऊन येते' म्हणाली. खिडकीतून बघितलं तर फाटकाशी गाडी उलटी फिरवली, ओढून फूटपाथवर घेतली आणि दिसेनाशी झाली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, चाळीस झाली. फोन करावा असं तीनदा वाटलं, केला नाही.

पन्नास मिनिटांनी बेल वाजली. पिल्लू झोळीत टक्क जागं, गाडी मिटवून हातात, बायकोचा चेहरा उन्हाने लाल.

"कुठे गेला होतात गं दोघी?"

"कोपऱ्यावर. अमृततुल्यला. उभ्याने एक कटिंग घेतला," ती म्हणाली. "गाडी डावीकडे ओढते जरा. पण चालेल."

रॅम्पचा अर्ज सोसायटीकडे दिलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉकरवाल्या आजोबांचीही त्यावर सही आहे. मीटिंग पुढच्या रविवारी.