शेजारी बार आहे... घर घ्यावं का?

लोअर परळला 'पब खालीच आहे' असं सांगताना कॉलर ताठ होते. बदलापूरला 'बार शेजारीच आहे' हे सांगताना एजंटचा आवाज खाली जातो! उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... तीन स्टेशनं, तीन फ्लॅट आणि एका शनिवार रात्रीची ही गोष्ट.

एजंटकाकांनी आम्हाला फ्लॅट दाखवला, तो दिवस होता 2 ऑक्टोबर. बदलापूर पूर्व, कर्जतकडे जाणारा राज्य महामार्ग, नवीकोरी सात मजली बिल्डिंग, दुसरा मजला, वन बीएचके. बेडरूमची खिडकी उघडली आणि समोर चंदेरीचा डोंगर! रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवरा तर खिडकीतून हलेचना. डोंबिवलीच्या भाड्याच्या घरात आमच्या खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो. इथे डायरेक्ट सह्याद्री. आणि रेट? पुढच्या गल्लीतल्या तसल्याच फ्लॅटपेक्षा तीन लाखांनी कमी!

"काका, एवढा कमी कसा?" मी विचारलं. (पत्रकारितेच्या डिग्रीचा एवढा तरी उपयोग.)

"मॅडम, ऑफर चालू आहे. आणि हे बघा, खाली शेजारीच हॉटेल. जेवणाची पण सोय झाली तुमची!"

हॉटेलचं शटर बंद होतं. बोर्डावरचे रंगीत दिवे विझलेले. आम्ही खूश होऊन लोकल पकडली. अंबरनाथ गेलं आणि नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, आज गांधी जयंती. आज ड्राय डे आहे!"

काकांनी तारीख काय निवडली होती, वा!

पब नाही हो, परमिट रूम!

आता आमच्या या लाइनवर 'पब' म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. इथे डीजे नाही, कॉकटेल नाही, वीकेंडची गेस्ट लिस्ट नाही. इथे असतो 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'. बाहेर नॉन-एसी, आत एसी, काळ्या काचा, बशीत चणे-शेंगदाणे आणि सगळ्यांची नावं पाठ असलेला एक कॅप्टन. परीक्षेत विचारावं तसं सांगायचं तर एफएल-3, म्हणजे परमिट रूम. वाइन शॉप म्हणजे एफएल-2. देशीचं दुकान आणखी वेगळं.

हा फरक नुसता कागदावरचा नाही बरं का. परमिट रूमचं गिऱ्हाईक आत दोन तास बसतं. वाइन शॉपचं गिऱ्हाईक बाटली घेऊन निघतं आणि मग बसायला जागा शोधतं. ती जागा तुमच्या बिल्डिंगची कंपाउंड वॉलही असू शकते! म्हणजे 'शेजारी दारू आहे' एवढं कळून भागत नाही. कुठली, ते बोर्ड वाचून ठरवायचं.

आईला फोनवर सांगितलं, तर तिकडून एकदम शांतता. आईसाठी 'बार' म्हणजे डान्स बार. 15 ऑगस्ट 2005 पासून राज्यात डान्स बारवर बंदी आली, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द ठरवली, मग 2016 चा नवा कायदा आणि 2019 मध्ये त्यातल्या अटीही कोर्टाने सैल केल्या. आई मात्र 2005 च्या पेपरातच आहे. "पोरी, लोकांना पत्ता काय सांगायचा गं?" हा तिचा एकमेव प्रश्न. तो लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तीन स्टेशनं, तीन शेजारी

बार नको, तर मग दुसरं बघू, असं ठरवून आम्ही दोन रविवार याच लाइनवर घालवले.

सुरुवात उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते मिळालेलं 'उल्हासनगर' हे नाव. पत्ता आजही कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. जीन्स, फर्निचर आणि दाल-पकवान यांच्यात माझा तर अख्खा दिवस आरामात जातो. फ्लॅट स्टेशनपासून चालत सात मिनिटं, हॉल मोठा, बार दूरवर नाही. पण बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. इथे इतकी बांधकामं परवानगीविना झाली, की ती नियमित करण्यासाठी 2006 मध्ये खास उल्हासनगर शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. आणि मे 2021 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन बिल्डिंगचे स्लॅब कोसळून माणसं गेली. ओनरकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागितला, तर ते हसून म्हणाले, "दीदी, बीस साल से रह रहे हैं, कुछ नहीं हुआ." आम्ही चहा पिऊन निघालो.

मग अंबरनाथ. इथलं शिवमंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. भिंतींवरचं कोरीवकाम बघताना मान दुखते, तरी मन भरत नाही. फ्लॅट छान होता, रेटही जमत होता. पण मंदिराच्या कडेने वाहणारी वालधुनी पुढे कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी घेऊन जाते. एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. सप्टेंबर 2024 मध्ये मोरिवली एमआयडीसीतला रासायनिक धूर शहरात पसरला, तेव्हा लोकांचे डोळे चुरचुरले, घसे खवखवले. आम्ही गेलो त्या रविवारी हवा एकदम स्वच्छ होती. बदलापूरचा बार गांधी जयंतीला स्वच्छ होता, अगदी तशीच!

तिसरा फ्लॅट बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला. गार वारा, बगळे, शांतता. तळमजल्याच्या भिंतीवर मात्र छातीएवढ्या उंचीला पुसट तपकिरी रेघ. वॉचमनला विचारलं. "पाणी आलं होतं, ताई." 26 जुलै 2005 ला आलं, जुलै 2019 मध्ये आलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, ते टीव्हीवर तुम्हीही पाहिलं असेल. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. ब्रोशरमध्ये मात्र एकच रेषा होती, स्विमिंग पूलची!

परतीच्या लोकलमध्ये आम्ही दोघंही गप्प होतो. खरं सांगायचं तर मला तो बार एकदम बरा वाटायला लागला. स्लॅब कोसळण्याआधी हाक मारत नाही. पूर रविवारी सकाळी साइट व्हिजिटला येत नाही. बार निदान रोज संध्याकाळी स्वतःहून दिवे लावून सांगतो, की बाबा रे, मी इथे आहे!

शनिवार, रात्री साडेअकरा

म्हणून पुन्हा गेलो. एजंटकाकांना न सांगता, शनिवारी रात्री. त्या रिकाम्या फ्लॅटच्या खाली, बंद टपरीच्या बाकावर बसून राहिलो.

मला वाटलं होतं गाणी असतील, भांडणं असतील. गाणी काळ्या काचांच्या आतच राहिली. भांडण एकच झालं, तेही कोण बिल भरणार यावर ("तू नाय, आज मी!"). खरा आवाज भलताच निघाला. किचनचा एक्झॉस्ट फॅन एकसारखा घरघरत होता आणि त्याचं तोंड बरोब्बर दुसऱ्या मजल्याच्या बेडरूमकडे! तंदूरचा धूरही तिकडेच. त्यात बाहेर आलेली मंडळी लगेच घरी जात नाहीत. बाइकवर बसून अर्धा तास निरोप घेतात. मग भुर्जीपावची गाडी. मग कोणीतरी बायकोला फोनवर सांगतो, "ट्रेन लेट आहे."

मोबाइलच्या ॲपवर डेसिबल बघितले, आकडा 58 ते 64 मध्ये नाचत होता. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा आहे 45 ची. मोबाइलचं ॲप हा काही पुरावा नव्हे, पण झोप लागेल का, एवढं कळायला पुरेसं. नवऱ्याला ऐरोलीच्या ऑफिससाठी पाचला उठावं लागतं.

आणि आता दुसरी बाजू. मी फ्रीलान्सर. एखादा कार्यक्रम कव्हर करून रात्री उशिराच्या लोकलने परत येणं हे माझं महिन्यातून पाच-सहा वेळा होतं. स्टेशनकडून येणारा शॉर्टकट आम्ही चालून पाहिला. अंधार, कुत्री, अर्धवट बांधलेली बिल्डिंग. बाराच्या सुमाराला त्या सगळ्या पट्ट्यात उजेड होता फक्त बारसमोर. तिथे वॉचमन होता, पानवाला होता, रिक्षा उभ्या होत्या. दारू प्यायलेल्यांची गर्दी नको वाटते, हे खरंच. पण मुलींनो, रिकामा अंधारा रस्ता त्याहून जास्त नको वाटतो, हो की नाही? काकांच्या 'शांत लोकॅलिटी'त मी एकटी चालले नसते.

आधी कोण आलं?

कॅप्टन गप्पिष्ट निघाला. "ताई, आमी आलो तवा इथं भातशेती होती. बिल्डिंगा आता आल्या. आता तेच लोक आमची कंप्लेंट करतात."

मुद्दा बिनतोड वाटतो ना? तसा तो जुनाही आहे. लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरच्या एका डॉक्टरने मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली. मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ तिथे खलबत्ते कुटत होता. डॉक्टर म्हणाला, मला पेशंटची छाती ऐकू येत नाही! 1879 मध्ये कोर्टाने निकाल दिला डॉक्टरच्या बाजूने. 'मी आधी आलो' हे उत्तर चाललं नाही. इंग्लंडने 2018 मध्ये नियोजनाच्या धोरणातच उलटी सोय केली. जुन्या पबशेजारी नवी बिल्डिंग येत असेल, तर आवाज अडवायचा बंदोबस्त बिल्डरनेच करायचा. आपल्याकडच्या बिल्डरला हे सांगून बघा!

आपल्याकडे काय? मार्च 2025 मध्ये उत्पादन शुल्क मंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं, की सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायचं असेल, तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. छान! पण बार शेजारच्या प्लॉटवर आधीपासून असेल, तर सोसायटीला विचारतो कोण? वॉर्डातलं दुकान मतदानाने बंद करण्याची 'आडवी बाटली'ची वाटही आहे, पण ती लांबची.

आणि समजा, बार बंद झालाच, तरी तो कायमचा बंद होतो का? डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री थांबवायला सांगितली. एप्रिल 2017 ला हायवेकाठची शटरं पडली. जुलैमध्ये कोर्टानेच स्पष्ट केलं, की तो आदेश पालिकांच्या हद्दीत लागू नाही. शटरं पुन्हा वर! त्या मधल्या काळात 'बार बंद झालाय' म्हणून कोणी घर घेतलं असेल, तर त्यांचं काय झालं असेल, विचार करा.

मग काय ठरलं?

चंदेरी दिसणारा फ्लॅट आम्ही सोडला. एक्झॉस्टचं तोंड आणि डोंगराचा व्ह्यू एकाच खिडकीत होते, एक घ्या त्यावर दुसरं फ्री!

पण बिल्डिंग सोडली नाही. मागच्या बाजूचा, पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. पुन्हा शनिवारी, पुन्हा रात्रीच. खिडक्या बंद केल्यावर रातकिडे ऐकू आले. समोर दुसऱ्या बिल्डिंगची टाकी, व्ह्यू शून्य. तीन लाखांची सवलत घसरून एक लाखावर आली. उद्या विकायला काढला, तर पुढचा माणूसही बार दाखवून आमच्याशी घासाघीस करणार, हेही माहीत आहे. त्या एक लाखाला मी स्वस्ताई म्हणत नाही, बारचं आगाऊ मिळालेलं भाडं म्हणते.

टोकन दिलं. चंदेरी बघायला गच्ची आहेच की.

राहिला आईचा प्रश्न. परवा स्टेशनवर रिक्षावाल्याला बिल्डिंगचं नाव सांगितलं, तर त्याला कळेना. मग नाइलाजाने बारचं नाव घेतलं. "असं सांगा ना, ताई!" म्हणत त्याने थेट दारात सोडलं. हे आईला सांगितलं. ती दोन मिनिटं विचार करून म्हणाली, "मी आपलं 'हॉटेलच्या मागे' सांगेन."

एजंटकाकाही तेच म्हणाले होते!

फ्लॅट बघायला जाताय?

- तीन वेळा जा: शनिवारी रात्री अकरानंतर, सोमवारी पहाटे (रिकाम्या बाटल्यांचे क्रेट तेव्हा उचलतात!) आणि भर पावसात. ड्राय डेला अजिबात नको.
- बारचा बोर्ड नीट वाचा. परमिट रूम, वाइन शॉप की देशी?
- एक्झॉस्ट, जनरेटर आणि पार्किंगचं तोंड कुणीकडे आहे ते बघा. बेडरूम त्याच्या उलट्या बाजूला हवी.
- महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून मंजूर प्लॅन तपासा. तळमजल्याचे रिकामे गाळे कोणाचे, कशासाठी, ते विचारा. शेजारचा बार दिसतो, तुमच्याच बिल्डिंगमधला उद्याचा दिसत नाही.
- करारनामा रजिस्टर होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'सगळे देतात' ऐकलं, की हसून नाही म्हणा.
- जुनी बिल्डिंग असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, नदीजवळ असेल तर पूररेषेचा नकाशा मागा.
- आणि सगळ्यात सोपं: वॉचमनला चहा पाजा. ब्रोशरमध्ये नसलेलं सगळं त्याला माहीत असतं!