चमचाभर पाणी

आमचा धाकटा सातव्या महिन्यातच झाला. मध्यरात्र, हे दौऱ्यावर, मला उठवत नव्हते. फादरना बोलवायला सवड कुठली? मी शब्द सांगितले आणि नर्सबाईंनी चमच्याने त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतून बाप्तिस्मा दिला. बाई हिंदू.

बाळ जगले. पण सासूबाईंची शंका काही जाईना. "असला कुठे बाप्तिस्मा असतो? सदरच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा करा!" फादर म्हणाले, "आजी, जिवावर बेतले की कुणीही देऊ शकतो, ख्रिस्ती नसलेलाही. चर्चचा जो हेतू, तोच मनात हवा. अन् तो एकदाच होतो."

मग चर्चमध्ये पवित्र तेल, पांढरे वस्त्र, मेणबत्ती एवढेच राहिलेले विधी झाले. (पेढे मात्र बारशासारखे वाटलेच!) पहिला पेढा सासूबाईंनी नर्सबाईंच्या हातावर ठेवला.