पुढच्या नावेने कुठे राहावं

शिडाच्या नावेला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखत, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने वर सरकावं लागतं. अशा वेळी दोन नावांमध्ये १०० मीटर आडवं अंतर असेल आणि वारा १० अंशांनी फिरला, तर एकीच्या पदरात सुमारे २५ मीटर आयते पडतात. आडवं अंतर दुप्पट, तर लाभही दुप्पट. म्हणूनच दोन नावांच्या झुंजीत जो पुढे आहे त्याने उत्तम वाऱ्याच्या शोधात भटकू नये, प्रतिस्पर्धी आणि पुढचा बोया यांच्या मध्ये ठाण मांडावं, असं माझं ठाम मत आहे. तो टॅक घेईल, म्हणजे वळून दुसऱ्या अंगाने जाऊ लागेल, तेव्हा आपणही घ्यावा. मग वारा फिरला तरी दोघांनाही जवळपास सारखाच फिरतो.

याला भित्रेपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. टॅक घेताना शीड फडफडतं, नाव मरगळते, वेग परत धरायला वेळ जातो. तो दुसऱ्याच्या मर्जीने का घालवायचा? पण तो वेळ दोघांचाही जातो, आणि पुढच्याला तेवढंच पुरतं. वीस-पंचवीस नावांच्या शर्यतीत मात्र आक्षेप रास्त आहे: एकीला धरून बसलं की बाकीच्या निसटतात.

खरा कठीण प्रश्न वारा पाठीशी असतानाचा. २६ सप्टेंबर १९८३ रोजी, न्यूपोर्टच्या समुद्रात अमेरिका कपच्या सातव्या, निर्णायक शर्यतीत अमेरिकन कप्तान डेनिस कॉनरची ‘लिबर्टी’ पाचव्या टप्प्याला लागली ती ५७ सेकंदांच्या आघाडीने, आणि टप्पा संपला तेव्हा ‘ऑस्ट्रेलिया टू’ २१ सेकंद पुढे होती. कॉनरने प्रतिस्पर्ध्याला मोकळं सोडलं, हा ठपका तेव्हापासून चालत आला आहे. मला तो अर्धाच पटतो. पाठवाऱ्यात मागच्या नावेची शिडं पुढचीचा वारा अडवतात; तिथे जवळ राहणं हेच संकट, आणि प्रतिस्पर्धी नाव तर त्या टप्प्यावर जास्त वेगवान होती. कॉनरचं दूर जाणं चुकीचं ठरलं, पण अविचारी नव्हतं. शेवटच्या टप्प्यात वारा पुन्हा तोंडावर आला. कॉनरने चाळीसहून अधिक टॅक घेतले, प्रेक्षकांच्या बोटींच्या गर्दीपर्यंत ओढून नेलं, तरी ‘ऑस्ट्रेलिया टू’चा कप्तान जॉन बर्ट्रँड याने त्याला मोकळं पाणी दिलं नाही. ‘ऑस्ट्रेलिया टू’ ४१ सेकंदांनी जिंकली आणि १३२ वर्षं अमेरिकेत राहिलेला चषक पर्थला गेला.