वाघाच्या मावशीचे पथ्य

चि. भाचीबाईंस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, भाचीने घरातील बोक्यासाठी मऊ वरणभात, वाफवलेला लाल भोपळा आणि वरून टॉरिनची चिमूटभर भुकटी असे जेवण सुरू केल्याचे कळवले असून, भुकटीचे प्रमाण किती ठेवावे एवढेच मावशीला विचारलेले आहे. प्रश्न एका ओळीचा आहे, परंतु प्रमाणाचा मुद्दा येथे शेवटून पहिला ठरतो. त्याआधी ज्या गोष्टी विचारायला हव्या होत्या त्या विचारल्याच गेलेल्या नाहीत, आणि शरीरक्रियाशास्त्राची पाठ्यपुस्तके ज्या घरात फडताळातून ओसंडत राहिली त्याच घरात वाढलेल्या मुलीने त्या विचारू नयेत, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

भाचीच्या स्वतःच्या ताटाविषयी मावशीची तक्रार नाही. व्हीगन आहार, म्हणजे मांस, मासे व अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, तूप आणि मध हेही वर्ज्य करणारा आहार, महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला वाटतो तितका परका नाही. पिठले-भाकरी, मटकीची उसळ, वांग्याचे भरीत, थालीपीठ, कारळ्याची चटणी, कोकम आणि नारळाच्या दुधाची सोलकढी, गोव्याकडचे खतखते ही सारी मंडळी त्या परीक्षेत मूळचीच उत्तीर्ण आहेत, आणि दुधावाचून हाडांचे कसे होणार ही थोरल्या मामींची चिंता नाचणीत दर शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते एवढे सांगितल्याने बरीच हलकी व्हावी. मुंजीच्या पंगतीत श्रीखंडावरून जे झाले त्यात मावशी कोणाच्या बाजूने बोलली, हेही भाचीला आठवत असेल. खटकते ते वेगळेच. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत, ते जिवाणू तयार करतात आणि माणसाला ते प्राणिज अन्नातून, गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून मिळते; असे असताना भाची स्पिरुलिना या शेवाळवर्गीय पदार्थाच्या वड्यांवर विसंबून आहे, आणि त्या वड्यांतील ब-१२ सारखे दिसणारे बहुतांश द्रव्य मानवी शरीराच्या उपयोगाचे नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली जवळपासच्या खेड्यांतील मातांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि त्या काही दूध सोडलेल्या स्त्रिया नव्हत्या. दूध न सोडलेल्यांची ही स्थिती असताना दूध सोडलेल्या मुलीने गोळी टाळणे हा शुद्ध हट्ट होय. दिवाळीत बोटांना मुंग्या येतात असे भाची हसत हसत म्हणाली होती, ते मावशीच्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

आता बोक्याकडे वळावे. मांजर हा बंधनकारक मांसाहारी प्राणी आहे. या संज्ञेचा अर्थ असा की, मांस मिळाले तर खाणारा आणि न मिळाले तर पोळीवर निभावून नेणारा, कुत्र्यासारखा, तो नव्हे. प्राण्यांच्या मांसात आयती मिळणारी अनेक द्रव्ये स्वतः घडवण्याची यंत्रणा त्याच्या शरीरात एक तर नाही किंवा अगदी दुबळी आहे. टॉरिन हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले द्रव्य. बहुतेक सस्तन प्राणी ते गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून यकृतात तयार करतात. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, फार मंद असतात, आणि खर्च मात्र अखंड चालू असतो, कारण पित्ताम्लांना जोडण्यासाठी इतर अनेक प्राणी टॉरिन नसेल तर ग्लायसिन वापरतात, मांजराला ती सोय नाही. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो हे १९७५ साली दाखवले गेले, आणि असे अंधत्व एकदा पुरते आले की मागे हटत नाही. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून धक्कादायक गोष्ट उघड केली: हृदयाचा स्नायू सैल पडून दगावणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होते, ते दिल्यावर हृदय सावरत होते, आणि ही मांजरे कोणाच्या घरचा वरणभात नव्हे तर त्या काळच्या निकषांत बसणारे, खास मांजरांसाठी विकले जाणारे तयार अन्न खात होती. प्रयोगशाळा आणि कारखाने हाताशी असणाऱ्यांचे जिथे चुकले, तिथे चिमटीने भुकटी टाकणाऱ्याचे चुकणार नाही असे मानण्यास काय आधार आहे, हे भाचीनेच सांगावे.

आणि टॉरिन हे केवळ पहिले नाव आहे. भोपळ्याच्या केशरी रंगातील कॅरोटिनापासून माणसाचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते, मांजराचे बनवू शकत नाही. म्हणजे वाटीतला तो भोपळा, जीवनसत्त्वाच्या दृष्टीने, बोक्यासाठी निव्वळ रंग आहे. गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात तो कितीही लोळला तरी त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ॲराकिडोनिक आम्ल हे स्निग्धाम्ल तेलबियांतील स्निग्धाम्लांपासून घडवणे त्याला फारसे जमत नाही, आणि नायसिनचीही तीच गत. आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल एका जेवणातून पूर्ण वगळले तरी काही तासांत रक्तातील अमोनिया वाढून मांजर कोसळते, असे १९७८ साली दिसून आले. डाळीत आर्जिनिन भरपूर असते हे भाची लगेच म्हणेल आणि ते खरे आहे, परंतु यावरून या शरीराला चुकीची मुभा किती थोडी आहे ते कळते. शिवाय प्रथिने जाळून ऊर्जा मिळवणारी त्याची विकरे सतत चालूच राहतात, अन्नातील प्रथिने घटली म्हणून ती फारशी मंदावत नाहीत, आणि भाताच्या ढिगात थोडेसे वरण घातल्याने ती भूक भागत नाही.

याच यकृताची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी नाना प्रकारची रसायने बाळगतात आणि त्या खाणाऱ्या प्राण्यांची यकृते ती निष्प्रभ करण्यात तरबेज असतात. मांजराच्या पूर्वजांना हिरवे खायचेच नव्हते, आणि अशा रसायनांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून बाहेर टाकणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर घडवणारे जनुक मांजरात निकामी झालेले आहे. म्हणूनच माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते (बोक्याचे अंग गरम लागले म्हणून चतकोर गोळी देण्याचा सल्ला भाचीच्या सासरी कोणी देऊ नये, एवढ्यासाठी हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे). कांदा-लसणाचे दुखणे निराळ्या वाटेचे, पण तेवढेच वाईट: त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो, मग कांदा कच्चा असो, परतलेला असो की लसणाच्या फोडणीतून वरणात उतरलेला असो. वरण साधे असते की फोडणीचे, हे भाचीने कळवलेले नाही.

बोका भोपळा आवडीने खातो, असेही भाची लिहिते. मांजराला गोड चव कळत नाही. ती ओळखणाऱ्या ग्राहीचा एक भाग घडवणारे जनुक मांजरकुळात मोडलेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. तेव्हा बोका जे चाटतो ते बहुधा तेल असावे किंवा भाचीचा हात. आणि तो खाईना झाला तर काय, या शंकेवर भाचीने भुकेला कोंडा, निजेला धोंडा ही म्हण पुढे केली आहे, ती वाचून मावशीच्या छातीत खरोखरच धस्स झाले. ही म्हण माणसांची आहे. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस अन्न टाकले की शरीरातील चरबी यकृताकडे धाव घेते, यकृतात साठते आणि कावीळ होऊन ते मरू शकते. बोका लठ्ठ आहे. गणपतीतले त्याचे छायाचित्र येथे फ्रिजवर लावलेले आहे.

आता जे विचारलेले नाही ते. शाकाहारी घरांतून मांजरे पिढ्यानपिढ्या दूधभातावर वाढली, असा दाखला देताना भाचीने आजीच्या पितळी वाटीचेही नाव घेतले आहे. दाखला खरा आहे आणि निष्कर्ष खोटा आहे. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचतही नाही. वाड्यातले मांजर दूधभात खात होते ते तोंडी लावण्यापुरते, आणि त्याचे खरे जेवण कोठीतले उंदीर, भिंतीवरच्या पाली, वळचणीतली चिमणीची पिल्ले आणि मागच्या आळीतून पळवलेली बांगड्याची डोकी हे होते. माणसाशी मांजराचा संबंध जुळला तोही याच कराराने: पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे उभी राहिली, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांवर मांजर आले, सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. मांजर धान्याजवळ राहिले, पण त्याने धान्य खाल्ले नाही. सोवळ्यातल्या घरांना हे सोयीचे होते, कारण हत्या अंगणापलीकडे, रात्री आणि कोणाच्या डोळ्यांदेखत न होता उरकली जात असे, आणि सकाळी वाटीत दूधभात घालणाऱ्या हाताला त्याचा डाग लागत नसे. तो दूधभातही रक्ताविना आलेला नव्हता. म्हशीच्या नर रेडकाचे पुढे काय होते ते जाणून भाचीने दूध सोडले, आणि ते योग्यच केले. मात्र गॅलरीला जाळी लावलेल्या सदनिकेत (जाळी हवीच, बोक्यासाठीही आणि पाखरांसाठीही) तो जुना करार मोडला आहे. उंदीर बाहेर राहिले, शिकार थांबली, आणि जी हत्या पूर्वी मांजर स्वतः करीत होते ती आता पाळणाऱ्याने दुकानातून विकत आणून वाटीत वाढायची आहे. व्हीगन माणसाला ती वाढताना क्लेश होणार हे उघड आहे; परंतु तो क्लेश पाळणाऱ्याचा आहे आणि त्यानेच सोसायचा आहे, बोक्याच्या डोळ्यांनी आणि हृदयाने तो फेडायचा नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत, अशी मर्यादा घातलेली आहे. तीही ज्यांना नको, त्यांनी पुढच्या वेळी ससा पाळावा; तो जन्मजात व्हीगन आहे.

मावशी नव्या गोष्टींना मुळातच विरोध करते, हा घरातला जुना आरोप पुन्हा होऊ नये म्हणून हेही नोंदवणे भाग आहे की, युरोपात मांजरांसाठी तयार व्हीगन अन्न विकले जाते, त्यात कारखान्यात रासायनिक रीतीने बनवलेले टॉरिन आणि इतर द्रव्ये मोजून घातलेली असतात, आणि अँड्र्यू नाइट व सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या १३६९ मांजरांच्या पाहणीत असे अन्न खाणारी मांजरे इतरांहून कमी निरोगी असल्याचे दिसले नाही. पण ती माहिती पाळणाऱ्यांनी स्वतः सांगितलेली होती, रक्त तपासून मिळवलेली नव्हती, आणि व्हीगन अन्नावरची मांजरे त्यांत १२७ च होती. त्यातून फार तर एवढे निघते की प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे. वरणभाताला त्यातून कसलाही आधार मिळत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर: अमेरिकेतील प्रचलित निकषांनुसार कोरड्या तयार अन्नात कोरड्या वजनाच्या किमान ०.१ टक्के आणि डबाबंद अन्नात किमान ०.२ टक्के टॉरिन असावे लागते, आणि हा दुपटीचा फरक एवढ्यासाठी की, डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने अन्नात असे बदल होतात की आतड्यातील जिवाणू अधिक टॉरिन नष्ट करतात. तंतुमय अन्नानेही टॉरिनची गळती वाढते, म्हणून वरणभातासाठी कोणताच आकडा मावशी लिहून देणार नाही.

बोक्याचे पूर्वीचे तयार अन्न आजच पुन्हा सुरू करावे, आणि त्याने दिवसभर तोंड लावले नाही तर पशुवैद्याला दाखवावे. वनस्पतिज अन्नाने मांजराची लघवी अल्कधर्मी होते आणि तीत स्ट्रुव्हाइट नावाचे खडे धरू शकतात. मादीची मूत्रनलिका रुंद असल्याने ती बहुधा निभावते, बोक्याची अरुंद असते आणि तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तो वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल, ओरडत असेल, थेंबच पडत असेल, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसू नये, सकाळची वाट पाहू नये, रात्री कितीही वाजता रिक्षा करून दवाखाना गाठावा. लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीचे कागद, सोबत भाचीच्या स्वतःच्या ब-१२ च्या तपासणीचाही कागद, या आठवड्यात येथे यावेत. सगळे ठीक आहे, असा नुसता निरोप चालणार नाही. कळावे.

मावशी