कडी

रात्रीची जेवणं चालली होती. ताटातली भेंडी कडेला सारत लेकीनं विचारलं, "बाबा, झोंबी आले तर आपण कुठे जायचं?"

आम्ही डोंबिवलीकर. आदित्य सरपोतदारांनी २०२२ साली 'झोंबिवली' काढून आमच्या गावात झोंबी आणूनही सोडले, त्यामुळे प्रश्न अगदीच हवेतला म्हणता येत नाही.

"जायचं कशाला? दार लावून घरात बसायचं," मी म्हणालो.

तिचं समाधान झालं नाही. आमचं दार दुहेरी आहे, बाहेर लोखंडी जाळीचं आणि आत लाकडी. जाळीच्या दाराची कडी गेली दोन वर्षं नीट बसत नाही. दार जरासं वर उचलून ढकललं तरच ती कोयंड्यात जाते. मागे झोंबी लागलेला असताना दार वर कोण उचलत बसणार, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. वेल्डिंगवाल्याला बोलवायचं मी पुन्हा एकदा कबूल केलं. मग वही आली. तांदूळ किती आहेत, सिलिंडर एक की दोन, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी किती दिवस पुरेल. टाकी भरायला पंप लागतो, पंपाला वीज लागते, वीज यायची तर कुणीतरी तिकडे कामावर यावं लागतं, असं मी सांगत गेलो आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं स्वतंत्र, स्वावलंबी घर किती जणांच्या खांद्यावर उभं आहे! पहाटे दाराला दुधाची पिशवी अडकवणारा मुलगा, कचरा नेणाऱ्या मावशी, मीटरच्या खोलीत हात घालणारा वायरमन. ही माणसं आठ दिवस आली नाहीत तर झोंबींनी यायची गरजच उरत नाही.

"आणि आजी?" लेकीनं विचारलं.

आजी म्हणजे माझी आई. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर राहते. गुडघे गेलेत, पण घर सोडायला तयार नाही. वहीत 'आजी' लिहून लेकीनं पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. बायकोनं वही मिटली आणि ताटं उचलली.

मला हे सिनेमे आवडतात हे बायकोला अजून पटलेलं नाही. एवढी कापाकापी बघून झोप कशी लागते, म्हणते. पण कापाकापीच्या वेळी मी चहाचं आधण ठेवायला उठतो. मी बघतो ती दारं. जॉर्ज रोमेरोचा १९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा आजच्या झोंबीपटांचा मूळपुरुष. गंमत म्हणजे त्यात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. पेन्सिल्व्हेनियातलं शेतावरचं घर, आत अडकलेली सात माणसं, बाहेर उठलेली मढी. त्या सातांतला हॅरी कूपर हा बाप माझ्या डोक्यातून जात नाही. भांडकुदळ, भित्रा माणूस. त्याचं एकच टुमणं असतं, तळघरात चला आणि दार आतून लावून घ्या. आपण त्याच्यावर वैतागतो आणि बेन नावाच्या धडाडीच्या तरुणाच्या बाजूचे होतो. शेवटी रात्र निभावून नेण्यासाठी बेनला त्याच तळघरात शिरावं लागतं. म्हणजे हॅरी चुकला नव्हता. पण चावा बसलेली त्याची आजारी पोर त्याच तळघरात निजलेली होती. ती तिथेच मरते, उठते, बापाला खाते आणि आईला थापीनं भोसकून मारते. दाराबाहेर ठेवायचं ते आधीच आत होतं.

आपल्याकडची भुतं बरी. त्यांना नावं असतात, गावं असतात, तक्रारी असतात. मुंजा मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला, हडळ बाळंतपणात गेलेली. त्यांच्याशी बोलणी करता येतात. नारळ, लिंबू, कोंबडं, दहीभाताचा मुटका. तिठ्यावर उतारा ठेवला की मिटलं. झोंबीला काहीच मागायचं नसतं, म्हणून त्याला देता काही येत नाही. सिनेमाने त्याला असं मुकं केलं. हैतीतल्या मूळ झोंबीला मात्र सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तो कुणाला चावतही नसे. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना मरण ही सुटका वाटे. झोंबी होणं म्हणजे मेल्यावरही सुटका नाही, मालकासाठी राबतच राहायचं. तिथल्या लोककथेत झोंबीला मीठ चाखवलं की तो भानावर येतो आणि आपल्या थडग्याची वाट धरतो. आपल्याकडे मिठाला जागतो तो इमानी चाकर. तिकडे मिठानं जाग येते आणि जाग आली की चाकरीच सुटते. त्या मळ्यावरच्या गुलाम बापाचं पोर विकायला काढलं, तर त्याच्यापाशी लावायला कडी नव्हती. आपलं म्हणावं असं दारच नव्हतं.

'ट्रेन टू बुसान' हा येऑन सांग-हो यांचा २०१६ सालचा कोरियन सिनेमा मी तीनदा पाहिलाय. सोक-वू हा सोलमधला पैशांच्या उलाढालीत बुडालेला बाप. लेकीला वाढदिवसाला त्यानं जो व्हिडिओ गेम आणलाय तो तिच्याकडे आधीपासूनच आहे, आणि तोही त्यानंच दिलेला. तिला आईकडे बुसानला जायचंय, म्हणून दोघं गाडीत बसतात आणि त्याच गाडीत साथ चढते. पोर एका म्हातारीला बसायला जागा देते, तर बाप तिला बाजूला घेऊन समजावतो की अशा वेळी फक्त आपल्यापुरतं बघायचं असतं. माकडिणीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहेच. हौदात पाणी चढत जातं, ती पिल्लाला आधी कडेवर घेते, मग डोक्यावर, आणि पाणी नाकाशी आलं की पायाखाली. मला ती गोष्ट कधीच आवडली नाही. माकडिणीचा राग म्हणून नाही. ही गोष्ट सांगणारी मोठी माणसं ती फार समाधानानं सांगायची. सोक-वूच्या बोलण्यात मला तोच हौद भरताना ऐकू येतो, आणि हेही कळतं की तो वाईट माणूस नाही. पाचवीतल्या पोरीला मीसुद्धा स्टेशनवर हेच सांगतो. इकडेतिकडे बघू नकोस, माझा हात सोडू नकोस, चढ.

या गाडीतल्या झोंबींना डब्याची दारं उघडता येत नाहीत. माणूस दिसला नाही तर ते गप्प उभे राहतात, म्हणून एक गरोदर बाई दाराच्या काचेला पाण्यानं वर्तमानपत्र चिकटवते. मला हे फार आवडलं. कडी नाही तर नाही, रद्दी तर आहे! पण जीव मुठीत घेऊन एकेक डबा पार करून ही मंडळी सुरक्षित डब्याशी येतात, तेव्हा आतले धडधाकट, जिवंत लोक दार धरून बसलेले असतात. त्यांच्यातही आईबाप असतीलच. प्रत्येकाला कुणाला तरी वाचवायचंच असतं. पुढे त्या डब्यातली एक म्हातारी दार सरळ उघडून टाकते. काचेपलीकडे झोंबी झालेली तिची बहीण उभी असते. त्या म्हातारीला दोष देणं मला तिन्ही वेळा जमलं नाही.

शेवटी बापाला चावा बसतो. तो लेकीला इंजिनात बसवतो आणि स्वतः मागच्या टोकाला जाऊन उभा राहतो. तिला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते त्याला आठवतं आणि तो हसतो. मग पडद्यावर तो दिसत नाही, फक्त त्याची सावली गाडीवरून उडी टाकते.

सावलीपाशी मी दर वेळी सिनेमा थांबवतो. एप्रिल २०२१ मध्ये माझा कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा लेक सहा वर्षांची होती. आतल्या खोलीला बाथरूम जोडून आहे, म्हणून ती माझी. दाराबाहेर निळं प्लास्टिकचं स्टूल. बायको त्यावर ताट ठेवायची, दोन टकटक करायची, तीन पावलं मागे जायची. मग मी दार उघडायचो. ताट, वाटी, फुलपात्र मीच आत घासायचो. लेकीला सांगितलेलं काही केल्या राहत नसे, सवयीनं ती धावत येऊन दार ढकलायची, म्हणून मी आतून कडी लावली. आयुष्यात पहिल्यांदाच घरातल्यांपासून घर वाचवायला कडी लावली. दुपारी सगळं सामसूम झालं की दाराखालच्या फटीतल्या उजेडाच्या पट्टीत दोन काळे ठिपके येऊन उभे राहत. तिची पावलं. ती काही बोलायची नाही, मीही नाही. डावा ठिपका मधूनच नाहीसा व्हायचा; एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत उभं राहायची तिची खोड आहे. कधी फटीतून चित्र सरकत यायचं. एका चित्रात घर होतं, घराला खिडकी होती आणि खिडकीत मास्क लावलेला सूर्य.

सहाव्या रात्री बोटावरच्या यंत्रानं ऑक्सिजन ९३ दाखवला. दाराबाहेरून बायको म्हणाली, "कडी काढून झोप."

"ती येईल ना आत."

"रात्री तुला काही झालं तर मी काय दार फोडत बसू?"

बराच वेळ मी त्या कडीकडे बघत बसलो. पितळेची, बोटभर लांबीची. लावली तर पोर वाचतं, आणि लावली तर मला वाचवायला कुणी येऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच कडीच्या. शेवटी मी ती काढली, स्टूल आत ओढून दाराला टेकवून ठेवलं. म्हटलं, कुणी ढकललं तर निदान आवाज तरी होईल. रात्रभर कुणी ढकललं नाही. मी मात्र दर तासाला उठून बघत होतो.

१८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधायचे आणि लोक आजारी माणसं लपवून ठेवायचे. शाळेत हे वाचताना मला फक्त सोजिरांचा राग आला होता. त्या रात्री पहिल्यांदा त्या लपवणाऱ्यांच्या घरातली बाकीची पोरं आठवली. त्याच साथीत हडपसरजवळ डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात सावित्रीबाई राबत होत्या. यशवंत हा फुले दांपत्याचा दत्तक मुलगा. मुंढव्याच्या दलित वस्तीतला एक तापलेला पोरगा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी पाठीवर घातला आणि दवाखान्यात आणला. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्या पाठीवर तो ताप किती वेळ टेकला असेल, एवढंच माझ्या मनात राहतं. लहान मुलाच्या अंगातला ताप कपड्यातूनही भाजतो.

पाठीवरच्या पोराचा एक सिनेमा ऑस्ट्रेलियात झाला, 'कार्गो'. बेन हाउलिंग आणि योलांडा रॅम्की यांनी २०१३ साली आधी जेमतेम सात मिनिटांचा केला, पुढे तोच वाढवून मोठा. मला सात मिनिटांचाच पुरे वाटतो. बापाला चावा बसलाय, आई आधीच गेलीय, पाठीवर तान्ही मुलगी. वस्ती अजून लांब आहे आणि हातात थोडेच तास. आपण झोंबी झाल्यावर काय करू हे त्याला ठाऊक आहे, मांसामागे चालत जाऊ. म्हणून तो एका काठीच्या टोकाला मांस बांधतो, काठी डोक्यावरून पुढे येईल अशी पाठीला लावतो, स्वतःचे हात जखडतो आणि चालू लागतो. वाटेत तो मरतो. चालणं थांबत नाही. बैलगाडीपुढे गवताची पेंढी टांगून बैल चालवण्याचा विनोद आपण ऐकलेला असतो; हा बाप स्वतःचाच बैल करतो, स्वतःचाच गाडीवान होतो. वस्तीवरचे लोक त्याला लांबूनच गोळी घालतात. नंतर पाठीवर मूल सापडतं. त्याच्या पोटावर बापानं नाव लिहून ठेवलंय. 'माझं नाव रोझी.'

हा सिनेमा मी लेकीला दाखवलेला नाही. बायकोलाही नाही.

बायकोनं वही मिटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला उठलो तर फ्रिजवर, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली, वहीचं पान अडकवलेलं होतं. तांदूळ, काड्यापेट्या, मेणबत्त्या, पाण्याचे पिंप. भेंडी खोडलेली. 'जाळीचं दार' याच्यापुढे 'बाबा, आज!!' आदल्या रात्रीचं प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसून तिथे लिहिलं होतं, 'आजी: बाबा पाठीवर आणणार.' आणि सगळ्यात खाली, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात:

'बाबाला चावलं तर: आतली खोली, निळं स्टूल. कडी बाहेरून.'